शिदोरीत कोंबडी का नव्हती?

यवतमाळ जिल्ह्यातल्या जुन्या शिदोरीत काय काय असे, हे सांगायला ताम्रपट वाचावे लागत नाहीत. ज्वारीची भाकर, तिच्यावर जवसाची नाही तर तिळाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कोरडा झुणका आणि फडक्याच्या टोकाला बांधलेला एक कांदा. कधी अंबाडीची भाजी, कधी वांग्याची, कधी नुसता तेल-तिखटाचा भुरका. मामला येथे संपला. ही शिदोरी टोपल्यात ठेवून बाया सकाळी वावराची वाट धरीत आणि दुपारी निंबाच्या किंवा बाभळीच्या सावलीत ती सुटे.

कोंबडी मात्र या शिदोरीत नसे. हे थोडे नवलाचेच म्हटले पाहिजे. कोंबड्या तर अंगणोअंगणी हिंडत असत. मांसाशनाचे वावडे नसलेली घरे आमच्या जिल्ह्यात थोडीथोडकी नव्हती आणि नाहीत. पाहुणा आला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर आली, एखादा नवस फिटला, की चुलीवर रस्सा चढे आणि त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई. मग त्याच कोंबडीचे दोन तुकडे दुसऱ्या दिवशी भाकरीवर घालून वावरात का जाऊ नयेत? हा प्रश्न मी आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना विचारीत आले आहे. एकीने दिलेले उत्तर मला पुरेसे वाटते. ती म्हणाली, "कोंबडी रातीच सरते वं बाई, सकायी बांधाले उरते काय?"

उत्तर एका ओळीचे खरे. पण त्या ओळीत आमच्या जिल्ह्याचा बराचसा इतिहास दडलेला आहे. तो उलगडून दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतू. हा प्रश्न आजच पडावा याचे कारणही सांगून टाकते. हल्ली कचेरीत, शाळेत, दवाखान्यात काम करणाऱ्या कितीतरी मुली रात्रीच कोंबडीची थंड कोशिंबीर कालवून ठेवतात आणि दोन-दोन दिवस तिचा डबा नेतात. मीही ती करते, आणि तिची कृती पुढे देणार आहे. आजीच्या शिदोरीत जे शक्य नव्हते ते नातीच्या डब्यात इतक्या सहजपणे येऊन बसले. या दोहोंच्या मध्ये काय काय घडून गेले ते पाहावे असे वाटले.

प्रथम शिदोरीची गरज कोणाला होती ते पाहू. ज्याचे काम चुलीपासून दूर, त्याला शिदोरी हवी. या प्रांतात सर्वांत दूर जाणारा माणूस म्हणजे बंजारा. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे देशभर फिरत; पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत त्यांचे तांडे पुढे कायमचे वसले. कुणब्याचे दूर जाणे रोजचे, पण वावरापुरते. कोलाम आणि गोंड रानात जात ते डिंकासाठी, मोहासाठी, लाकडासाठी. प्रत्येकाच्या गाठोड्यात सुके, कोरडे, न सांडणारे असेच काही असे.

या दूर जाण्याला मोठा वेग दिला तो कापसाने. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साऱ्यांचे डोळे लागले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोचला. आमच्या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. १९०५ साली त्याचे नाव यवतमाळ झाले. त्याच सुमारास मूर्तिजापूर ते यवतमाळ ही सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी धावू लागली. तीच आमची 'शकुंतला'. ती बांधली कापूस वाहून नेण्यासाठी. माणसे तिच्यात बसली ती नंतर. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढीत होते. आज ती गाडी बंद आहे. पण तिच्या सावकाशपणाच्या गोष्टी अजून चालूच आहेत.

कापसाने दुपारही बदलली. कापूस वेचणे हे बायांचे काम, आणि ते वजनावर मोजले जाणारे. जी बाई दुपारी घरी जेवायला जाईल, तिची ओटी तेवढी हलकी राहील. जिनात, प्रेसमध्ये काम करणाऱ्याला तर भोंगा सांगेल तेव्हाच जेवायचे. तेव्हा दुपारचे जेवण पहाटेच, किंवा आदल्या रात्री, तयार होऊन बसले पाहिजे हे ओघानेच आले. पहाटे चारला उठून भाकरी थापणारी बाई आणि नऊला तासाला लागून बोंडे वेचणारी बाई एकच असे. शिदोरीचे कौतुक करताना हे विसरू नये.

याच सुमारास मुंबईने या अडचणीवर अगदी वेगळा तोडगा काढला होता. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचा व्यवसाय सुरू केला. माणूस सकाळी कचेरीत जाई आणि घरचा ताजा डबा दुपारी त्याच्या मागोमाग येई. मुंबईचे जेवण माणसाच्या पाठोपाठ आगगाडीने गेले. आमचे माणसाच्या डोक्यावर बसून गेले. डबेवाल्याच्या डब्यात पातळ भाजी, वरण, आमटी जाऊ शके, कारण तासा-दोन तासांत तो डबा उघडे. आमच्या शिदोरीला पहाटेपासून दुपारपर्यंत टिकायचे होते. आणि तेही कुठल्या उन्हात? वैशाखात यवतमाळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. नांगरटीचे, धसकटे वेचण्याचे काम नेमके याच दिवसांत.

अन्न का विटते, हे आज शाळेतली मुलेही सांगतात. ज्यात ओल आहे, पौष्टिकपणा आहे आणि आंबटपणा नाही, त्यात सूक्ष्मजंतू झपाट्याने वाढतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसमधली ऊब त्यांना मानवते. शिजवलेले मांस या ऊबेत दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षाही नाही, असा आजच्या अन्नशास्त्राचा दंडक आहे. आमच्या आज्यांना जंतू ठाऊक नव्हते. परंतु त्यांची शिदोरी या दंडकाबरहुकूम बांधलेली असे. भाकर तव्यावर आणि विस्तवावर भाजून तिची वाफ काढलेली. चटणी कोरडी, कुटलेली. ठेच्यात मीठ भरपूर आणि वर तेल. झुणका इतका मोकळा की बोटाला चिकटू नये. अंबाडीची भाजी मुळातच आंबट, म्हणून ती टिकाऊ. पाणी काढून टाका, मीठ घाला, आंबट घाला, तेलाने हवा तोडा. जगातल्या साऱ्या टिकाऊ खाद्यांचे हेच चार उपाय, आणि चारही त्या फडक्यात हजर.

वाचकांच्या समोर या घटकेला जो चिवडा आणि ज्या चकल्या आहेत, त्याही याच विद्येच्या लेकी होत. दिवाळीचा फराळ आठ-पंधरा दिवस राहतो, कारण तळताना त्यातले पाणी उडून गेलेले असते. ओल्या नारळाची करंजी मात्र दोन दिवसांत संपवावी लागते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. फराळ ही सणाची शिदोरीच.

आता कोंबडीचा रस्सा या कसोटीला लावून पाहा. ओल आहे, पौष्टिकपणा आहे, आंबटपणा नाही. म्हणजे विटण्याची सर्व सामग्री सिद्ध. त्यात भांड्यांची अडचण. स्टेनलेस स्टीलचे डबे घरोघर आले ते गेल्या पन्नास-साठ वर्षांत. त्यापूर्वी पितळेचा डबा. आणि कल्हई गेलेल्या पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकलाच. लिंबू पिळून, दही लावून रस्सा टिकवावा म्हटले तर भांडे वैरी. भाकरीला भांडे लागत नाही, फडके पुरते. सांडणारा रस्सा चार मैल डोक्यावरून कोण नेणार?

दुसरे कारण कोंबडीच्या मोलाचे. गावरान कोंबडी सहा-सहा महिन्यांनी खाण्याजोगी होते आणि वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते. घरात पैसा पुरुषाच्या हाती. पण कोंबड्या बाईच्या. अंडी विकून ती बाजारातून मीठ-मिरची आणी, मुलीसाठी बांगड्या आणी, कधी दवाखान्याची चिठ्ठी भागवी. अशी कोंबडी कापायची म्हणजे बाईच्या पेटीतला पैसा मोडायचा. ती मोडली तर पाहुण्यासाठी, बाळंतिणीसाठी, देवासाठी. आणि एकदा कापली की अर्धी आज, अर्धी उद्या असे करता येत नसे. एका कोंबडीला जेवणारी तोंडे आठ-दहा. रश्शात पाणी वाढे, तुकडे वाढत नसत. तेव्हा म्हातारीचे म्हणणे शब्दशः खरे: कोंबडी रात्रीच सरे.

तिसरे कारण थोडे कडू आहे, पण सणाच्या दिवशीही ते टाळू नये. वावरात एका झाडाखाली अनेक घरची माणसे बसत. परंतु सावली एक असली तरी पंगती एक नसत. कोण कोणाच्या हातचे खाईल, कोण कोठे बसेल, याचे नियम त्या झाडाखालीही पाळले जात. भाकर आणि चटणी हे सर्वांचे अन्न. ते उघड्यावर सोडायला कोणाला संकोच नसे. मांस उघड्यावर सोडणे म्हणजे आपण कोण, हे चारचौघांत सांगणे. कित्येकांनी ते घरच्या चुलीपुरते ठेवले, यात मला आश्चर्य वाटत नाही.

एक गोष्ट मात्र गमतीची आहे. कोंबडी आमच्या शिदोरीत नसली, तरी आमच्याकडचे रान कोंबडीत आहे! सर्व पाळीव कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातली तांबडी रानकोंबडी. पण पाळीव कोंबडीची जी पिवळी कातडी आणि पिवळे पाय आपण बाजारात पाहतो, तो गुण आला राखी रानकोंबडीकडून, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. आणि राखी रानकोंबडी ही भारतीय द्वीपकल्पाचीच लेक. दूरदेशची मोठमोठी कुक्कुटगृहे ज्या पक्ष्यांनी भरलेली आहेत, त्यांच्या पायांचा रंग आपल्या द्वीपकल्पातल्या झुडुपांतून गेला आहे.

मग हे सारे बदलले कधी? आधी विजेने आणि थंड कपाटाने. १९५८ मध्ये गोदरेजने भारतात बनवलेले पहिले रेफ्रिजरेटर बाजारात आणले; जिल्ह्याच्या गावी ते साध्या घरांत शिरायला त्यानंतर बरीच वर्षे लागली. दुसरा बदल पुण्याहून निघाला. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वर हॅचरीज सुरू केली, आणि पुढच्या काळात ब्रॉयलर कोंबडी महाराष्ट्राच्या गावोगावी पोचली. ही कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास जाते. ती अंगणात हिंडत नाही आणि बाईच्या पेटीशी तिचा संबंध नाही. दुकानातून पाव किलो, अर्धा किलो तोलून मिळते. कोंबडी तोलून मिळू लागली त्या दिवशी 'अर्धी आज, अर्धी उद्या' हे शक्य झाले. आणि शिदोरीचे दार तिला उघडले. रस्सा वाढवण्याचीही सक्ती उरली नाही.

आता कबूल केल्याप्रमाणे कृती. तीन-चार माणसांना पुरेल इतकी सांगते.

हाड नसलेले कोंबडीचे मांस अर्धा किलो घ्यावे. बुडेल इतक्या पाण्यात हळद, मीठ, चार-पाच ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि आल्याचा तुकडा घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे शिजवावे. मोठा तुकडा मध्ये कापून पाहावा. आत गुलाबी छटा राहता कामा नये. मग उपसून निवू द्यावे आणि बोटांनी जाडसर धागे काढावेत. सुरीने चौकोनी तुकडे केले तर मसाला वरवर राहतो. धाग्यांत तो मुरतो. उरलेले पाणी टाकू नये, त्यात पिठले घोटावे. कढल्यात दोन चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्यांची फोडणी करावी व ती निवू द्यावी. गरम फोडणी थंड मांसावर ओतली तर डबा आतून घाम धरतो. धाग्यांवर फोडणी, दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचे भरड कूट आणि चमचाभर जवसाची चटणी घालून कालवावे, आणि झाकण लावून लगेच थंड कपाटात ठेवावे. शिजल्यापासून तासाभरात ते कपाटात गेले पाहिजे. तेथे दोन दिवस उत्तम राहते. तिसऱ्या दिवशी संपवून टाकावे.

सकाळी डबा भरताना बारीक चिरलेला कांदा आणि मूठभर सांबार घालावा. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी इडलीचे सांबार घालू नये! काकडी हवी तर वेगळ्या डबीत न्यावी, कारण मीठ लागले की काकडी पाणी सोडते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. लिंबाची फोड खाण्याच्या वेळी पिळावी. कामाच्या जागी पोचताच डबा तेथल्या थंड कपाटात ठेवावा. तशी सोय नसेल तर उन्हाळ्यात हा पदार्थ नेऊ नये. त्या दिवशी झुणका-भाकर न्यावी. तिने शंभर उन्हाळे पाहिले आहेत.

बारकाईने पाहिले तर या नव्या पदार्थात नवे फक्त मांस आहे. ओल कमी ठेवणे, तेल, तीळ-जवसाचे कूट, शेवटी आंबट. हे सारे जुन्या शिदोरीचेच आहे. आजीची विद्या नातीच्या डब्यात कामास आली.

परंतु ज्या बाईच्या डोक्यावरून ही विद्या वाढली, तिच्या शिदोरीचे आज काय झाले? वावरात थंड कपाट नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला आजही कोंबडी नेता येत नाही, म्हणजे तिच्यापुरते काही बदलले नाही असे वाटेल. तसे नाही. तिच्या शिदोरीतून भाकरच निघून चालली आहे.

ज्वारीवर या जिल्ह्याने कठीण दिवस काढले. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते, आणि संकरित ज्वारीच्या प्रसाराला त्यांनी मोठे बळ दिले. 'हायब्रीड'च्या भाकरीला जुन्या ज्वारीची गोडी नाही, असे म्हणत म्हणत लोकांनी ती खाल्ली आणि तगले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी लाल मिलो ज्वारीही खाल्ली. तिची भाकर कशी फाटे, हे सांगणाऱ्या बाया अजून भेटतात. एवढ्यातून जी भाकर टिकली, ती सुबत्तेच्या आशेने मागे पडली. आधी कापूस, मग नव्वदीनंतर सोयाबीन, २००२ नंतर बीटी कापूस. नगदी पिकाने वावर व्यापले. उरलेल्या ज्वारीवर रोही आणि रानडुकरे तुटून पडू लागली, तेव्हा पुष्कळांनी ती पेरणे सोडले. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्याबरोबर बैलांचा चारा गेला. जवसाचा पट्टा गेला. पूर्वी शिदोरीतले मीठ तेवढे विकतचे असे. आता वावरात पीक उभे असते, पण त्यातले शिदोरीत काहीच बांधता येत नाही. रेशनच्या गव्हाची पोळी आणि दुकानातल्या पुडीतली चटणी घेऊन ती बाई कामाला जाते. दुसरीकडे २०२३ हे वर्ष भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि शहरांत ज्वारीचे पीठ सुंदर पाकिटांतून चढ्या भावाने मिळू लागले.

कोंबडी शिदोरीत नव्हती याला कारणे होती, आणि ती एकेक करून दूर झाली. ज्वारी शिदोरीतून जाते आहे यालाही कारणेच आहेत, दैव नव्हे. भाव, राखण, बियाणे, ही सारी माणसाच्या हातची आहेत. कुंपणाची सोय झाली आणि दर बरा मिळाला, तर चार तास ज्वारी पेरायला आमचा शेतकरी आजही तयार आहे. कपाशीच्या वावरात धुऱ्याकडेने ती पेरणारे अजून आहेतही.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू होते. पहिल्या वेचणीला सीतादही करतात: वावरात पऱ्हाटीची पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग ओटी बांधतात. या दिवसांत आमच्या बाजूला येणे झालेच, तर एखाद्या धुऱ्यावर दुपारी थांबून पाहा. शिदोरी सुटली की तुम्हाला बसवून घेतल्यावाचून त्या बाया राहायच्या नाहीत. ज्वारीची भाकर निघाली तर आधी ती मागून घ्या. आणि तुमच्या पिशवीतल्या चकल्या त्यांच्यापुढे ठेवा.